कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, शिकावं म्हणतेय. वय ३८, शिक्षण बी.कॉम., आणि क्लासवाला सांगतो ५२ हजार

खतावणी | ९ फेब्रुवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं तांबड्या रश्शावरून भांडायला येते, आज वेगळंच काढलंय.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ११ वर्षं हिशेब बघते. टॅली, जीएसटी, पगारपत्रक, शिपाई नसला की चहा. माझ्या खुर्चीमागच्या कपाटात ड्रॉइंगच्या फायली असतात, कारण पावसाळ्यात आमच्या ऑफिसात कोरडी राहणारी भिंत तेवढी एकच. म्हणजे ११ वर्षं मी ड्रॉइंगला पाठ लावून बसलेय आणि त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं.

दिवाळीआधी एक प्रकार झाला. नव्या गिऱ्हाइकाचा पार्ट होता, ब्रॅकेटसारखा, एका अंगाला बोल्टसाठी कान. पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, झाला, ६० नग ओतले, ग्राइंडिंग करून पाठवले आणि ६०च्या ६० परत आले. कान उलट्या अंगाला! आरशात बघावा तसा पार्ट. लोखंड काय, परत भट्टीत जातं. पण वीज, वाळू, कोअर, ग्राइंडिंगची मजुरी, टेंपोचं जाऊन-येऊन भाडं हे सगळं नुकसानीच्या खाती मला घालावं लागलं. मालकांचा डबा दोन दिवस तसाच घरी गेला.

मी पॅटर्नवाल्या मिस्त्रींना विचारलं, झालं काय नक्की? त्यांनी ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यातली चौकट दाखवली. तिथं एक बारकं चिन्ह होतं. टोक कापलेला आडवा शंकू आणि शेजारी एकात एक दोन वर्तुळं. म्हणाले, "वहिनी, आपल्याकडं फर्स्ट अँगल. अमेरिकेचं काम थर्ड अँगलमध्ये येतं. बाजूचा व्ह्यू कुठनं बघून काढलाय ते ह्याच्यावर ठरतं. कुणी बघितलंच नाही." एवढ्याशा चिन्हापायी मी लिहिलेला तो आकडा! त्या दिवसापासून डबा खाताना एक-एक फाईल काढून बसते. मिस्त्री वैतागलेत, पण सांगतात.

दुसरं कारण घरचं आहे. आमच्याकडं गणपतीचं मखर दीर करायचे, थर्माकोलचं. २०१८ला बंदी आली आणि तेव्हापासून आम्ही साड्या नि पडदे लावून वेळ मारून नेतोय. मला एमडीएफच्या लाकडी शीटचं, खाचांत खाच बसणारं, सुटं करून माळ्यावर टाकता येईल असं मखर करायचंय. उद्यमनगरातला लेसरवाला म्हणतो, "डीएक्सएफ आणा वहिनी, दहा मिनिटांत कापून देतो." डीएक्सएफ म्हणजे म्हणे कॉम्प्युटरवर काढलेल्या ड्रॉइंगची फाईल. ती आणायची कुठनं, हे विचारायची लाज वाटली.

क्लासमध्ये चौकशी केली. सहा महिने, सहा सॉफ्टवेअर, ५२ हजार, "शंभर टक्के प्लेसमेंट". सांगणाऱ्या मुलीला मी फर्स्ट अँगल-थर्ड अँगल विचारलं तर म्हणाली, ते सर शिकवतील.

तर विचारायचंय ते असं. इंजिनिअरिंग केलेलं नसताना यात पोटापाण्याचं काही होतं का, की हा माझा डब्याच्या वेळेतला नादच राहू दे? आणि नाद म्हणून शिकायचं तर ५२ हजार न घालता सुरुवात कुठनं करू? घरी नवऱ्याचा जुना लॅपटॉप आहे, ८ जीबीचा.

---

अनुरेखक | १० फेब्रुवारी, सकाळी ६:१५

ताई, आधी माझ्या टोपणनावाचा अर्थ सांगतो, आता तो कुणाला कळत नाही. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. १९८४ साली मी पाटबंधारे खात्यात त्या पदावर लागलो. आरेखकाने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि शाईने गिरवायचा, काम एवढंच. चूक झाली की अर्ध्या ब्लेडने शाई अलगद खरवडायची आणि ती जागा नखाने घोटून गुळगुळीत करायची, नाहीतर वरची नवी शाई फुटते. मग अमोनियाच्या मशीनवर प्रती. त्या खोलीतून बाहेर येणारा माणूस डोळे पुसतच यायचा. नव्या शिपायाला वाटायचं, आत कोणी गेलं की काय.

ऑटोकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. त्याची पहिली आवृत्ती १९८२ची, म्हणजे माझ्या नोकरीपेक्षा ते दोन वर्षांनी थोरलं. आमच्या विभागात मात्र ते पोचलं २००१ला, आर-१४ ही आवृत्ती. माझं वय ३९. म्हणजे तुमच्यापेक्षा एक वर्षाने म्हातारा होतो, इंग्रजी यथातथा होतं आणि माउस धरला की हात थरथरायचा. तेव्हा वयाचा मुद्दा इथेच मिटला असं समजा.

आता माझी फजिती. बोर्डावर आम्ही १:१०० ला काढायचो, म्हणजे ३.६० मीटरची भिंत कागदावर ३६ मि.मी. मी कॉम्प्युटरवरही तेच करत बसलो. प्रत्येक मापाला कॅल्क्युलेटरवर १०० ने भागायचं आणि ३६ लांबीची रेघ मारायची. मग मापाच्या रेघेवर ऑटोकॅड बिचारं खरं बोलायचं, ३६. ते खोडून मी हाताने ३६०० टाइप करायचो! दोन महिने हे चाललं. मग एका क्वार्टरच्या प्लॅनमध्ये साहेबांनी खोली फुटभर वाढवायला सांगितली. मी भिंत सरकवली. हाताने घातलेला आकडा कशाला सरकतोय? प्रिंटवर जुनंच माप गेलं आणि साइटवर लाद्या कमी पडल्या. शाखा अभियंता माझ्या निम्म्या वयाचा होता. त्याने शेजारी बसून दाखवलं की इथे वस्तू खऱ्या मापाचीच काढायची, जगाएवढी मोठी. लहान करायची ती कागदावर छापताना. मी त्याला चहा पाजला आणि दोन महिन्यांचे नकाशे रविवारी येऊन पुन्हा काढले. तुम्हाला कोणी सॉफ्टवेअर शिकवायला बसलं तर पहिल्या दिवशी ही गोष्ट त्याच्या तोंडून येते का बघा.

तुमच्या चिन्हाची खूण सांगतो, पाठ करू नका, कळली की विसरत नाही. वर्तुळं शंकूच्या अरुंद तोंडाशेजारी असली तर थर्ड अँगल. रुंद तोंडाशेजारी असली तर फर्स्ट. कारण थर्ड अँगलमध्ये ज्या बाजूने बघितलं त्याच बाजूला ते चित्र ठेवतात. फर्स्टमध्ये वस्तूच्या पलीकडे, जणू तिची सावली समोरच्या भिंतीवर पडलीय. तुमच्या मिस्त्रींना विचारा, ते मान हलवतील.

सुरुवात कुठून, तर माझं मत जुनाट आहे: महिनाभर कागदावर. ए३ आकाराचे २० कागद, दोन गुण्ये, एक एचबी आणि एक २एच पेन्सिल. स्वयंपाकघरातला पाट घ्या आणि समोरून, वरून, बाजूने काढा. तो जमला की खलबत्ता. खलबत्त्यात गंमत आहे. बाहेरून तीन काय, तीस चित्रं काढलीत तरी आत खळगा किती खोल आहे ते दिसणार नाही. तिथे छेद घ्यावा लागतो, मधून कापल्याची कल्पना करून. छेद का घ्यायचा हे खलबत्ता तुम्हाला जसं सांगेल तसं कुठला सर सांगणार नाही. मग तो कागद अशा माणसाला द्या ज्याने तुमचा खलबत्ता पाहिलेला नाही आणि त्याला विचारा, याच्या तोंडाची जाडी किती. तो जिथे अडेल तिथे तुमचं माप राहिलंय.

रेघांच्या जाडीकडे लक्ष द्या. आमचे रोट्रिंगचे पेन ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ असे यायचे. हे आकडे उगाच नाहीत. प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा साधारण १.४ पटीने जाड, आणि ए४चा ए३ करतानाही लांबी-रुंदी तेवढ्याच पटीने वाढते. त्यामुळे नकाशा मोठा करून घेतला तरी ०.३५ची रेघ बरोबर ०.५ची होते आणि वर दुरुस्ती करायला तोच पेन चालतो. वस्तूची बाहेरची कड जाड, मापाच्या रेघा बारीक. आजची पोरं सगळं एकाच जाडीत छापतात आणि मग नकाशा म्हणजे बोटव्यांची खीर दिसते.

भारतीय मानक ब्यूरोचं एसपी ४६ म्हणून एक पुस्तक आहे, शाळा-कॉलेजातल्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगसाठी काढलेलं. ते मिळवा. रुक्ष आहे, पण भांडण झालं की शेवटी तेच उघडतात.

नोकरीचं या तरुण मंडळींना विचारा. माझ्या वेळी पद मंजूर असलं की नोकरी होती.

---

चाकणचा ट्रॅफिक | १० फेब्रुवारी, रात्री १०:०५

काकांनी निम्मं काम केलं, मी बाजारातलं सांगतो. डिप्लोमा मेकॅनिकल, फिक्स्चर (मशीनवर पार्ट धरून ठेवणारी साधनं) डिझाइनमध्ये नऊ वर्षं. तुमचा प्रश्न बसमध्ये वाचला, आणि बस तळेगाव चौकात उभी असल्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळाला.

ताई, सहा महिन्यांत सहा सॉफ्टवेअर म्हणजे सहा वाद्यांवर एकच सरगम. मी स्वतः असाच कोर्स केला होता, पैसे वडिलांचे. पहिल्या मुलाखतीत समोरच्याने कॉम्प्युटर दाखवलाच नाही. एक कास्टिंग (ओतीव पार्ट), एक व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, २० मिनिटांत याचं ड्रॉइंग दे. कास्टिंगला बेअरिंगचं घर होतं. मी व्हर्निअर लावून ६२.०२ मोजलं आणि तसंच ६२.०२ लिहिलं. तो हसला नाही, पण नोकरीही दिली नाही.

तिथे काय लिहायला हवं होतं ते तुम्हाला उपयोगी पडेल, तुमच्या शॉपमध्ये हे रोज असणार. ६२ म्हटलं की ६२०६ नंबरचं बेअरिंग आठवायला हवं: आत ३०, बाहेर ६२, रुंदी १६. त्याच्या घराला साधारणपणे ६२ एच७ लिहितात, म्हणजे भोक ६२.००० ते ६२.०३० च्या मध्ये कुठेही चालेल, ६२च्या खाली एक मायक्रॉनही नाही. मी मोजला तो त्या एका नगाचा आकडा होता, ड्रॉइंगला सगळ्या नगांचा लागतो. हे ज्याला कळतं त्याला सॉफ्टवेअर कुठलंही द्या, पंधरा दिवसांत बसतो.

आता तुमचं भांडवल बघा. ११ वर्षं फाउंड्रीत आहात. कास्टिंग थंड होताना आक्रसतं म्हणून पॅटर्न मोठा करतात, ग्रे आयर्नला दर १०० मि.मी.ला १ मि.मी.च्या आसपास, मशिनिंगला माल ठेवावा लागतो, पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून बाजूंना उतार द्यावा लागतो. हे तुम्ही कानाने ऐकलेलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या फ्रेशरनी वाळू पाहिलेली नसते. काटकोनी भिंतींचा सुंदर थ्रीडी मॉडेल करून आणतात, जो साच्यातून सुटा होणारच नाही. डिग्रीशिवाय मोठ्या कंपनीच्या डिझाइन विभागात शिरणं अवघड आहे, खोटं कशाला बोलू. एचआरची चाळणी तिथे आधी कागद बघते. पण पॅटर्न शॉप, छोटं मशीन शॉप, फॅब्रिकेशनवाले यांना ड्रॉइंग वाचून शंका काढणारा माणूस हवा असतो आणि तो मिळत नाही. सुरुवातीचा पगार मात्र हिशेबनिसापेक्षा जास्त असेलच असं धरू नका. मी ९ हजारांवर लागलो होतो, आणि त्यातले ३ खोलीभाड्याला.

सॉफ्टवेअर: मखरासाठी लिब्रेकॅड पुरे. फुकट आहे, सपाट रेघांचं काम करतं आणि तुमच्या लेसरवाल्याला हवं ते डीएक्सएफ त्यातूनच निघतं. तुमचा लॅपटॉप ते सहज ओढेल. थ्रीडीला फ्रीकॅड. हा प्रकल्प २००२ पासून चालू आहे आणि त्याची १.० आवृत्ती आली २०२४च्या नोव्हेंबरात, यावरून त्यांची घाई कळते. पण फुकट आहे, धंद्याला वापरलं तरी कुणी विचारणार नाही. फ्यूजन म्हणून थ्रीडीचं विकतचं सॉफ्टवेअर आहे, त्याची घरगुती वापराची फुकट परवानगी मिळते, त्यात एका वेळी १० फायलीच बदलता येतात आणि कमाईच्या कामाला वापरायची नाही. क्रॅक, म्हणजे चोरीची कॉपी, मात्र घालू नका, आणि ऑफिसच्या मशीनवर तर मुळीच नाही. ती नोटीस मालकाच्या नावे येते आणि दंड तुम्हालाच खतवावा लागेल.

लेसरला देताना: एकावर एक दोन रेघा राहू देऊ नका, मशीन दोनदा कापतं आणि कड जळते. आकार बंद हवा. आणि कापायच्या आधी शीटची जाडी स्वतः मोजा, दुकानदार सांगतो ती नव्हे.

---

स्पष्टवक्ता | ११ फेब्रुवारी, दुपारी १:२२

कशाला एवढी उठाठेव? दोन वर्षांत एआय सगळी ड्रॉइंग काढेल. तोपर्यंत मखर ऑनलाइन मागवा.

---

खतावणी | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

स्पष्टवक्ते, टॅली आलं तेव्हाही मला हेच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून माझं काम दुप्पट झालंय. असो. एआयनं काढलेलं ड्रॉइंग आमच्याकडं आलं तर त्यातही ते चिन्ह कुणीतरी बघावंच लागेल, आणि ते मीच बघेन.

काका, आज मिस्त्रींना तुमची खूण सांगितली. मान हलवली नाही. पेन्सिल घेऊन लाकडाच्या तुकड्यावर काढून बघितली, मग म्हणाले, "कोण म्हणतंय हे? ट्रेसर असणार." तुमच्यासाठी नमस्कार सांगितलाय.

पाट काढला. सोपा वाटला होता. पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या वरून बघितल्या तर दिसत नाहीत, त्या तुटक रेघेनं दाखवायच्या हे मिस्त्रींनी सांगितलं, आणि ते कळल्यावर मी ऑफिसातली चार ड्रॉइंग परत उघडून बघितली. एवढ्या तुटक रेघा! ११ वर्षं मला त्या झेरॉक्सच्या खराबीमुळं आल्यात असं वाटायचं.

चाकणकर भाऊ, मुलाखतीतला तो माणूस मला आवडला.

---

चिपळूणची | १३ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

हे दोघेही मशीनवाले (काका पाण्याचे), मी घरांची. दहावीनंतर आयटीआय, ड्राफ्ट्समन सिव्हिल, दोन वर्षं. लग्नानंतर सहा वर्षं काही केलं नाही, मुलगा शाळेत गेल्यावर घरून सुरू केलं. तीन आर्किटेक्टची कामं येतात, पैसे नकाशामागे.

घरून काम हवं असेल तर सिव्हिलकडे बघा ताई. गावात प्रत्येक जण कधी ना कधी घर बांधतो किंवा वाढवतो. टेप घेऊन जायचं, जुनं घर मोजायचं, प्लॅन काढून द्यायचा. कोकणातल्या जुन्या घराला काटकोन नावाची गोष्ट नसते, म्हणून खोलीचे कर्णही मोजायचे. चार भिंतींची मापं बरोबर असली तरी खोली पतंगासारखी तिरकी असू शकते. हे मला कुणी शिकवलं नाही, एका माजघराने शिकवलं. तीन वेळा खेपा घातल्या तरी प्लॅनचा कोपरा मिटेना.

मंजुरीचे नकाशे करायला लागलात तर शिस्त लागते. बऱ्याच महापालिकांत नकाशा ऑनलाइन जातो आणि आधी सॉफ्टवेअरच तो तपासतं. नकाशाचे लेयर, म्हणजे एकावर एक थर असतात; भिंत कुठल्या लेयरवर, मार्जिन (घराभोवती सोडायची जागा) कुठल्या लेयरवर हे ठरलेलं. माणसाला दिसायला नकाशा अगदी बरोबर आणि तिथून नापास, कारण जिना भिंतीच्या लेयरवर राहिला. सुरुवातीला रडू येतं. पण एकदा सवय झाली की लेयर हा हिशेबाच्या खात्यासारखाच आहे, तुम्हाला तर माझ्यापेक्षा लवकर येईल.

पैसे उशिरा येतात. आणि कॉपी दुसऱ्या जागी ठेवा. २०२१च्या जुलैतल्या पुरात आमच्याकडे पाणी माळ्याला टेकलं होतं. कॉम्प्युटर गेला. फायली वाचल्या त्या एवढ्यासाठीच की मी पेनड्राइव्ह गुहागरला माहेरी विसरून आले होते.

---

खतावणी | ४ सप्टेंबर, रात्री १०:३०

धागा वर आणतेय. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, आता सांगायला मोकळी.

क्लास लावला नाही. कागदाचा महिना माझा अडीच महिने चालला. खलबत्त्याचं ड्रॉइंग मिस्त्रींच्या मुलाला दिलं, तर त्यानं विचारलं, "काकू, बूड सपाट आहे का आतनं गोल?" आतली गोलाई लिहायची राहिली होती. तिथून पुढं लिब्रेकॅड. काकांची गोष्ट वाचलेली होती म्हणून मखर खऱ्या मापाचं काढलं, ६०० रुंद, ७५० उंच, मागं कमान, दोन्ही बाजूंना जाळीचे खांब, सगळं खाचांवर. जाळीसाठी अंबाबाईच्या देवळाचं नक्षीकाम डोळ्यापुढं होतं, पण प्रत्यक्षात जमली ती आमच्या जुन्या खिडकीच्या गजांची नक्षी. एक पाकळी काढली आणि गोलात फिरवून आठ केल्या. ते पहिल्यांदा झालं तेव्हा नवऱ्याला झोपेतनं उठवून दाखवलं.

आणि मग जे सांगितलं होतं तेच केलं नाही. शीट मोजली नाही. दुकानदार ३ मि.मी. म्हणाला, मी खाच ३ची काढली. निघाली २.७ची शीट. वर लेसरचा झोत स्वतःची वाट काढताना थोडं खातो, तो खाचेला आणखी ०.२ रुंद करून गेला. म्हणजे ३.२च्या खाचेत २.७ची पट्टी, एकेका सांध्याला अर्धा मिलिमीटर ढिला, आणि असे सांधे ३४! हरतालिकेच्या रात्री जोडलं तर सगळं मखर डुलायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "छान आहे की, देवाला वारा लागंल." रात्री दोनपर्यंत मी आणि दीर जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे करून खाचांत पाचर मारत होतो. लग्नपत्रिकेचा कागद त्याला उत्तम, हे कुठल्या पुस्तकात नसेल. सात दिवस मखर उभं राहिलं. आरतीला मात्र टाळ्या जरा जपून.

पुढच्या वर्षासाठी खाच २.५ची केलीय. लेसर ०.२ खाईल, २.७ होईल. या वेळी आधी हाताएवढ्या तुकड्यावर २.३ ते २.७ अशा पाच खाचा कापून आणल्या आणि पट्टी घालून बघितली. २.५ची घट्ट बसते, अंगठ्यानं दाबावी लागते.

आता ऑफिसचं. एप्रिलमध्ये एक ड्रॉइंग आलं, त्यात कोपऱ्यात चिन्हच नव्हतं. मी मालकांना म्हटलं, पॅटर्नला द्यायच्या आधी मेल टाकूया. ते म्हणाले, गिऱ्हाइकाला वाटेल आपल्याला येत नाही. तरी टाकली. उत्तर आलं, थर्ड अँगल, आणि सोबत चिन्ह घातलेलं नवीन ड्रॉइंग. मालक काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी माझ्या टेबलावर एक रबरी शिक्का होता: "अँगल पाहिला", खाली सही आणि तारखेची जागा. आता येणारं प्रत्येक ड्रॉइंग कपाटात जायच्या आधी माझ्यापुढनं जातं. पगार तोच आहे, ते दिवाळीला बोलणार आहे. बोलायला आकडा माझ्याकडं आहेच, गेल्या वर्षीचा, माझ्याच हातानं लिहिलेला.

चिपळूणच्या ताई, सिव्हिलचं मनात आहे. भावाचं कागलचं घर मोजून आले. कर्ण घेतले, दोन खोल्यांत चार-चार इंचांचा फरक निघाला. भाऊ अजून मानत नाही.

एक शंका आहे, म्हणून खरं तर आज आले. फ्रीकॅडमध्ये बेअरिंग हाउसिंग करतेय. बाहेरच्या भिंतींना पॅटर्नसाठी २ अंश उतार दिला आणि मग कोपऱ्यांना गोलाई द्यायला गेले की चूक दाखवतं. आधी गोलाई देऊन मग उतार दिला तरी तेच. यात आधी काय करतात?

---

चाकणचा ट्रॅफिक | ४ सप्टेंबर, रात्री ११:१५

आधी उतार, मग गोलाई. तरी अडत असेल तर गोलाई भिंतीच्या जाडीपेक्षा मोठी झालीय का बघा. १ मि.मी. देऊन चालतं का ते पाहा आणि मग वाढवत न्या. आणि सगळे कोपरे एकदम निवडू नका, चार-चार करा. फाईल टाका, उद्या बसमध्ये बघतो. वेळच वेळ असतो.

---

अनुरेखक | ५ सप्टेंबर, सकाळी ६:०५

शिक्क्याचा फोटो टाका.